डावी बाजू वर

१

एप्रिलमधला तो मंगळवार होता. संध्याकाळी आई कामावरून आली, दारात बूट काढता काढता नेहमीप्रमाणे "आले गं" म्हणाली, आणि मी नेहमीप्रमाणे मुद्रितावरची नजर न काढता पेन्सिल धरलेला हात वर केला. येणाऱ्याने "आले" म्हणायचं आणि घरातल्याने "ये, आलीस" म्हणायचं, हे भिंतीपलीकडच्या घरांतून रोज ऐकू येई. आमच्या घरात त्यातलं पहिलं अर्धंच चाले. मी लहान असताना आई यायची तेव्हा मी झोपलेली असे. उत्तराची सवय लागायची ती लागलीच नाही, आणि पुढे दोघींनाही त्याचं काही वाटेनासं झालं.

तिने बांबूचे कोवळे कोंब आणले होते. ते भाताच्या कोंड्याच्या पाण्यात उकळायला ठेवले आणि तिचा फोन वाजला. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "नाही. डावी बाजू वरच राहील." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. "मी असेपर्यंत तरी," असं म्हणून तिने फोन ठेवला.

कसली डावी बाजू, मी विचारलं.

"शिवणकाम," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली. आयुष्यात तिने शर्टाचं बटणसुद्धा लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनच्या जिन्यावर तिच्या डोक्यातली शीर फुटली. बांबूचे कोंब मी एकटीने खाल्ले. टाकून देणं जमेना.

२

माझी आई कुरामोची तोवाको हिने "कोमामेचं घर" हा खेळ केला. कोमामे म्हणजे दोन कान उगवलेला वालाचा एक लठ्ठ दाणा. डाव्या कानावर काळा ठिपका. मुलांनी फोनवर त्याला भरवायचं, न्हाऊ घालायचं, झोपवायचं. त्याच्या घरात एक आरसा होता. त्यात फोनच्या कॅमेऱ्याने मुलाचा चेहरा कोमामेशेजारी दिसे. फार दिवस विसरलं तर तो मरे, अंगणात छोटा दगड उभा राही आणि दुसरा कोमामे रांगत येई. एवढंच. तोक्योच्या कुरामाए भागातल्या तीन खोल्यांच्या कचेरीत चार माणसं हा खेळ सांभाळत. आई गेल्यावर तीन उरली.

जुलैच्या तेरा तारखेला, दिवेलागणीला, ज्या ज्या मुलाच्या अंगणात तो दगड होता त्याच्या फोनवर काळोख झाला. काचेच्या आतून कुणीतरी टकटक केलं. मग मेलेला कोमामे आला. अंगात पांढरा किमोनो, मेलेल्या माणसाला घालतात तसा, उजवी बाजू वर. जिवंत माणूस डावी बाजू वर घेतो. हे आमच्याकडे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. तो म्हणाला, "तू मला जेवायला दिलं नाहीस. आता तू नीज." पडद्यावर कोमामेचं अंथरूण आलं, त्यात आरशातला मुलाचा स्वतःचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर हळूहळू पांढरा रुमाल पसरला, मेलेल्याच्या तोंडावर टाकतात तसा.

सेंदाई शहरातली एक मुलगी नंतर कितीतरी दिवस डोळे मिटायला तयार नव्हती. मोठ्या मुलांनी मात्र त्याचे व्हिडिओ करून जगभर पाठवले, आणि जो खेळ कुणी विकत घेत नव्हतं तो सगळीकडे पोचला. पाठोपाठ पालकांचा राग पोचला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे मालक तोकिता-सान यांचा फोन आला. ते फार हळू बोलत होते. शुक्रवारी दुपारी पत्रकारांसमोर माफी मागायची आहे, ते म्हणाले. हे सगळं तोवाको-सान यांनी जाण्याआधी कुणाला न सांगता आत ठेवून दिलं होतं, असं निवेदन तयार आहे. कुटुंबातलं कुणी रांगेत उभं राहून वाकलं तर लोक शांत होतील. आणि अर्थातच खेळावरून तिचं नाव काढावं लागेल.

आमच्याकडे गुन्हेगाराची आई वाकते, बाप वाकतो, बायको वाकते. मुलगी वाकली तर कुणाला नवल वाटलं नसतं.

मी म्हटलं, आधी मला कचेरीत येऊन सगळ्यांशी बोलायचं आहे.

"बोलून काय होणार, चिझुरु-सान?"

"वाकायचं कशासाठी ते तरी कळेल."

३

कचेरीतली तिघंही उठून उभी राहिली. आईच्या टेबलावर तिचा फोटो, उदबत्ती आणि वाटीभर भात होता. तिला तळाचा करपलेला भात आवडे. हा पांढरा स्वच्छ होता.

तोकिता-सान साठीचे. पूर्वी स्वतः संगणकावर काम करत, आता हिशेब आणि माणसं बघत. त्यांनी माझ्यासाठी स्वतः चहा ओतला. तोवाको-सानबद्दल वाईट बोलायला जीभ वळत नाही, असं दोनदा म्हणाले. मग तिच्या आठवणी निघाल्या. ऑगस्ट आला की ही बाई आपल्या गावी, सादो बेटावर पळायची, ऐन कामाच्या वेळी, आणि आठवडाभर फोन उचलायची नाही, असं सांगताना ते मनापासून हसले. "मी म्हणायचो, तोक्योत चाळीस वर्षं राहून तुझं गावंढळपण जात नाही. ओबोन जुलैत उरकून घे की आमच्यासारखा. ऑगस्टात काय, गावाकडची मंडळी करतात."

मृतांचे आत्मे घरी येतात त्या सणाला आम्ही ओबोन म्हणतो. तोक्योच्या जुन्या वस्त्यांत तो जुलैत असतो. तोकिता-सान यांच्या घराण्याच्या पाच पिढ्या तोक्योच्याच फुकागावा वस्तीत गेल्या. आदल्या संध्याकाळीच त्यांनी दारात आत्म्यांना घराची वाट दाखवणारी आग पेटवली होती.

हे भुताचं प्रकरण आत ठेवायचं तर कुणाला जमलं असतं, मी विचारलं. चौघांपैकी कुणालाही, ते म्हणाले. सणांच्या वेळी खेळात जे घडे ते आई स्वतः करी, आणि त्यांना सणाच्या खोल्या म्हणत. नववर्षाची खोली, हिमवर्षावाची खोली. प्रत्येक खोलीला एक तारीख. ती उजाडली की खोली आपोआप उघडे. परवलीचा शब्द तिने टेबलावर चिकटवून ठेवला होता. पण आत डोकवायचं नाही हा कचेरीचा नियम होता. सगळ्यांनी मुलांबरोबरच चकित व्हायचं.

"मी तर त्या खोल्यांना कधी हात लावला नाही," तोकिता-सान म्हणाले. "नववर्षाला काय आहे ते मलाही एक तारखेलाच कळलं."

आरागाकी हा ओकिनावाचा तरुण. खेळाची यंत्रणा तो बघे. त्याच्या टेबलावर प्लास्टिकच्या कवट्या होत्या, आणि भुतांचे खेळ त्याला आवडतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या नजरेचा रोख बघून तो म्हणाला, "ताई, मी असतो तर याहून चांगलं घाबरवलं असतं." मग ओशाळला. आईशी त्याचं भांडण कशावरून व्हायचं, तर ठिपक्यावरून. कोमामे डावीकडे चालताना आणि उजवीकडे चालताना ती दोन वेगळी चित्रं काढायची. "मी म्हणायचो, एक कळ दाबली की चित्र उलटं फिरतं, सगळं जग तेच करतं. तर म्हणायची, मग ठिपका उजव्या कानावर जाईल. मी म्हटलं, कोण बघतंय? ती म्हणाली, कोमामे." दुप्पट काम करत बसायची बाई, असं म्हणून तो खिडकीबाहेर बघू लागला. आई गेल्यानंतरच्या या पहिल्या ओबोनला तिच्यासाठी येईन म्हणाला. त्यांच्याकडचा ओबोन चंद्राच्या तिथीवर चालतो, यंदा सप्टेंबरला लागून येईल.

होरिए-सान क्योतोच्या, आवाजाचं काम करणाऱ्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. टकटकीचा आवाज माझाच आहे, असं त्यांनी न विचारता सांगितलं. हिमवर्षावाच्या खोलीत शेजारी दार ठोठावतो त्यासाठी तो केला होता. तिथून कुणीतरी उचलला. "मी भीतीसाठी आवाज केला असता तर तो एवढा लवकर थांबवला नसता," त्या म्हणाल्या. मग माझ्या कपात चहा ओतत, अगदी क्योतोच्या गोड स्वरात: "तुमच्या आईंनी केलं असेल असं तुम्हाला वाटतं का हो? नाही, निवेदनावर आम्हालाही सही करायची आहे म्हणून विचारलं." त्यांचा ओबोन ऑगस्टातला. डोंगरावरच्या आगी बघायला दरवर्षी माहेरी जातात.

निघताना तोकिता-सान यांनी निवेदनाची प्रत दिली. मुद्रितं तपासणं हा माझा धंदा. त्यात चूक एकही नव्हती, आणि एक वाक्यही खरं वाटलं नाही. पण वाटण्याला कोण विचारतं?

४

गुरुवारी मी ऑफिसला गेले नाही. ते भुताचं चित्र एव्हाना वर्तमानपत्रातही आलं होतं. ते कापून आईच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. शेजारी आईने मला वाढदिवसाला दिलेला कोमामेचा कप.

निवेदनातलं एक म्हणणं खोडता येत नव्हतं. चित्रातली रेषा आईची होती. कानांचा तो किंचित ओला बाक दुसऱ्या कुणाला जमत नाही. माफीच्या रांगेत मला उभं करायला ती रेषा पुरेशी होती.

मी तेच केलं जे पानावर करते: अर्थ सोडून दिला आणि फक्त जागा तपासल्या. कपावर ठिपका डाव्या कानावर. भुताच्या ठिपक्यावर पांढरा रंग फासला होता, पण छपाईत त्याची राखाडी सावली राहिली होती. उजव्या कानावर.

आईने चित्र काढलं होतं. ते उलटं फिरवलं होतं दुसऱ्याने.

मी कात्रण खिडकीच्या काचेवर पालथं धरलं. बाहेरच्या उन्हात शाई आरपार दिसू लागली. ठिपका डाव्या कानावर आला, आणि त्याबरोबर किमोनोची घडीही फिरली. डावी बाजू वर. पांढऱ्या रंगाखाली फुलांची पुसट नक्षी होती. ते कफनाचं वस्त्र नव्हतंच. उन्हाळ्यात जत्रेला घालतात तो सुती युकाता होता. आईने काढला होता तो जिवंत कोमामे, नवे कपडे घालून कुठेतरी निघालेला.

गॅसजवळ उभी राहून ती फोनवर काय म्हणाली ते आता मला कळलं. कुणीतरी तिला हे चित्र फिरवायला सांगत होतं. ती नाही म्हणाली. मी असेपर्यंत तरी.

आणि मग ती नव्हती.

राहिला एकच प्रश्न. हे मूळ चित्र खेळात कुणी कधी पाहिलं नव्हतं. मग ते तिने काढलं कशासाठी? मी चहा करायला उठले, आणि किटली हातात असतानाच उत्तर आलं. त्याबरोबर नावही आलं.

५

शुक्रवारी सकाळी मी हिरवा पोशाख घालून कचेरीत गेले. काळे कपडे घालून तयार असलेल्या तोकिता-सान यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पत्रकार यायला अवकाश होता. मी सगळ्यांना बसायला सांगितलं.

ठिपक्याचं आधी दाखवलं. आरागाकीने कात्रण हातात घेतलं, पालथं केलं, आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. आईने कधीही न केलेली गोष्ट या चित्रात झाली आहे, म्हणून हे भूत तिचं नाही, मी म्हटलं.

"वेड्या माणसाचे नियम बदलतात," तोकिता-सान सौम्यपणे म्हणाले. "शेवटी शेवटी तिची तब्येत..."

"तारखेचं बोलू या मग," मी म्हटलं.

भूत आलं तेरा जुलैच्या दिवेलागणीला आणि थांबलं सोळाला. सणाचे तेच चार दिवस, दारात आग पेटवायची तीच वेळ. हा ओबोन आहे यात कुणाला शंका नव्हती. पण कुणाचा ओबोन? होरिए-सान यांच्या हातून हे झालं असतं तर ते ऑगस्टात आलं असतं. आरागाकीच्या ओबोनला ठरलेली तारीखच नाही. सगळ्या देशाला घाबरवायचं असं कुणी ठरवून बसला असता तर त्यानेही ऑगस्टच निवडला असता, कारण देशातली बहुतेक घरं तेव्हा दारं उघडतात. ओबोन म्हटल्यावर विचार न करता ज्याचं बोट जुलैवर जाईल त्याने लहानपणी जुलैतच आगीचा धूर हुंगलेला असला पाहिजे.

"तोवाको-सान चाळीस वर्षं तोक्योत होती."

"आणि दर ऑगस्टात सादोला पळायची. तुम्हीच सांगितलंत. तिचं गावंढळपण गेलं नव्हतं, हेही तुम्हीच."

मी आरागाकीला म्हटलं, तपासणीच्या फोनवर तारीख बदल. तेरा ऑगस्ट, दिवेलागण.

"त्याचा काही उपयोग नाही," तोकिता-सान म्हणाले. "ओबोनची खोली रिकामी आहे. तिने भरायच्या आतच ती गेली. मी स्वतः उघडून..."

ते थांबले. होरिए-सान यांनी हातातला कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही.

"त्या खोल्यांना कधी हात लावला नाही, म्हणाला होतात," मी म्हटलं. "तुम्ही जुलैची खोली उघडलीत. ती रिकामी असणारच. आमचा ओबोन तिथे नसतो."

आरागाकीने तारीख बदलली होती. आम्ही चौघं त्या छोट्या पडद्यावर वाकलो.

अंगणात त्या दगडापाशी एक छोटी आग पेटली. लांबून काकडीचा घोडा दौडत आला, काड्यांचे पाय टाकत. मृतांना लवकर येता यावं म्हणून आम्ही करतो तसा. त्यावर कोमामे, निळ्या फुलांचा युकाता, डावी बाजू वर, डाव्या कानावर ठिपका. दारात उतरून तो म्हणाला, "मी आलो." बाजूच्या आरशात आरागाकीचा चेहरा उमटला, कोमामेशेजारी, दारातच. खाली एकच बटण होतं. त्यावर शब्द: "ये."

आरागाकीने ते दाबलं आणि तोंड फिरवलं.

तोकिता-सान आता म्हाताऱ्यासारखे बसले होते. तिने मला चित्र पाठवलं होतं, ते म्हणाले. गोड होतं. गोड आता कोण घेतं? कंपनी बुडत होती, या पोरांचे पगार होते. मी तिला म्हटलं, घडी फिरव, थोडं घाबरव, लोक बोलतील. ती ऐकेना. मग ती गेली आणि नाही म्हणणारं कुणी उरलं नाही. लहान मुलं एवढी घाबरतील असं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी डोकं वर केलं. यंत्रातला बिघाड असं म्हणू या, त्यांनी सुचवलं. तोवाकोचं नाव राहील. कुणालाच वाकायला नको.

"सेंदाईच्या मुलीला तुम्ही बिघाड म्हणून सांगणार?" मी विचारलं. "तुम्ही वाका, तोकिता-सान. आणि कशासाठी वाकताय ते तुमच्या तोंडाने सांगा. माझी आई कुणाला घाबरवायला आली नाही."

होरिए-सान उठल्या. निवेदनाची आपली प्रत त्यांनी उभी फाडली, मग आडवी, आणि तुकडे नीट गोळा करून टोपलीत टाकले. "आमची सही राहिलीच, नाही का?" त्या म्हणाल्या.

दुपारी तोकिता-सान एकटेच वाकले. मी मागे, पत्रकारांच्या खुर्च्यांपलीकडे, हिरव्या पोशाखात ताठ उभी होते. कुणीतरी विचारलं की मृत निर्मातीच्या कुटुंबाला काही म्हणायचं आहे का. आई काय करते असं शाळेपासून लोक विचारत आले, आणि "चित्रंबित्रं काढते" एवढंच मी सांगत आले होते. त्या दिवशी म्हटलं, "हा खेळ कुरामोची तोवाको हिचा आहे. ऑगस्टात पुन्हा उघडून बघा."

६

तेरा ऑगस्टला मी सादोला गेले नाही. आई इथे राहत होती. तिला इथेच बोलवायचं होतं.

इमारतीत आगीला मनाई आहे. मी दारासमोर मातीची थाळी ठेवली आणि तिच्यात तागाच्या काड्या रचल्या. काकडीला चार पाय लावले. वांग्याची गाय करून शेजारी ठेवली, परत जाताना सावकाश जावं म्हणून. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी कचरा टाकायला बाहेर आल्या. जन्मापासून तोक्योतल्या.

"अगं, ओबोन गेल्या महिन्यातच झाला की," त्या म्हणाल्या. "आणि आग चालत नाही इथे. व्यवस्थापकाला कळलं तर?"

"आमच्याकडे आज आहे," मी म्हटलं. "कळू दे."

त्या थाळीकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन पाण्याची बादली घेऊन आल्या, माझ्या दाराशी ठेवली आणि "वारा आहे" एवढंच बोलून गेल्या.

काड्या पेटल्या. खिशात फोन थरथरला. देशभरच्या अंगणांत आता घोडा दौडत असेल. मी तो बाहेर काढला नाही. दार सताड उघडं ठेवून उंबऱ्याच्या आत बसले, समोर आईची चप्पल, घरात आलेल्याची ठेवतात तशी टोकं दाराकडे करून. धूर आधी सरळ वर गेला आणि मग, जिन्यातून वारा आल्यावर, वळून घरात शिरला.

"ये," मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं.

"ये, आई. आलीस?"